घरगुती स्की प्रेसमध्ये हवेचा दाब स्थिर कसा ठेवावा

स्की प्रेस म्हणजे बर्फावर घसरायच्या स्कीचे काचतंतूंसारखे थर साच्यावर दाबून चिकटवणारी चौकट; दाब देतो तो तिच्यात बसवलेला, हवेने फुगवलेला फायर होज. चौकट उभी आहे, साचा तयार आहे आणि इपॉक्सी (चिकटवायची राळ) लावलेले थर आत सरकवायचेच बाकी आहेत, असं धरून चालतो.

फायर होजची दोन्ही टोकं लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून बोल्टने आवळा. एका टोकाला हवेची जोडणी, दुसऱ्याला दाब दाखवणारा गेज. गेज ० ते १०० पीएसआयचा (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) घ्या. ३०० वाल्यावर ४० आणि ४५ मधला फरक डोळे बारीक करूनही कळत नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप लावा.

पहिली चाचणी पाण्याने, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर. यात सूट नाही. पाणी भरलेला होज सुटला तर फरशी भिजते, हवा भरलेला सुटला तर पट्टी उडते. १८० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद स्कीवर ४५ पीएसआय म्हणजे साडेपाच टनांहून जास्त जोर, हे आकडे एकदा स्वतः मांडून बघा. मग हवा भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला की आवळा.

आता खरी डोकेदुखी. "हवा भरा, व्हॉल्व्ह बंद करा, रात्रभर ठेवा" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मीही ऐकला होता. ४५ वर व्हॉल्व्ह बंद केला, हीटिंग ब्लँकेट (राळ घट्ट व्हावी म्हणून थरांना ऊब देणारी विजेची चादर) चालू केलं आणि काट्याकडे बघत बसलो. काटा आधी ४० वर उतरला. गळती समजून मी हवा वाढवली. खरं तर राळ कडेने बाहेर येत होती, थर दबत होते आणि होजला फुगायला जागा मिळत होती. मग होज तापला आणि काटा चढत ५२ वर गेला. बंद जागेतली हवा २५ वरून ८० अंशांवर पोहोचली, तर ४५ चे ५६ होतात. जास्तीच्या दाबाने इतकी राळ पिळून निघाली, की काचतंतू जागोजागी कोरडे, पांढरट राहिले. ती जोडी फेकून दिली.

म्हणून हवा कोंडू नका. पुरवठा शेवटपर्यंत चालू ठेवा आणि मध्ये रिलीव्हिंग रेग्युलेटर बसवा, म्हणजे ठरवलेला दाब राखणारा आणि दाब वाढला की जादा हवा आपोआप बाहेर सोडणारा. साधा रेग्युलेटर हवा फक्त आत घालतो, बाहेर सोडत नाही; दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, विचारूनच घ्या. होज तापताना रेग्युलेटरच्या बारीक भोकातून फुसफुस ऐकू येईल. ती गळती नव्हे. त्या भोकावर टेप चिकटवणारे महाभाग मी पाहिलेत.

वीज गेली तर काय, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवेला एकाच दिशेने जाऊ देणारा) लागतोच, पण तो कॉम्प्रेसर आणि रेग्युलेटर यांच्या मध्ये. रेग्युलेटरच्या पुढे बसवलात, तर होजमधली जादा हवा मागे येऊच शकत नाही आणि रिलीव्हिंग रेग्युलेटरचे पैसे पाण्यात. होजच्या बाजूला ६० पीएसआयला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा लावा. रेग्युलेटर हळू सोडतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर झोपू नका.

बारीक गळतीचा बाऊ करू नका. कॉम्प्रेसर तासाभराने एकदा घुरघुरला तर चालतं. दर दहा मिनिटांनी सुरू होत असेल, तर साबणाचं पाणी पुन्हा काढा.

दाब टप्प्याने चढवा: आधी १०, थर सरकले नाहीत ना ते बघा, मग २५, मग ४५. ब्लँकेट त्यानंतरच.

शेवटी ब्लँकेट बंद करा, पण हवा तशीच राहू द्या. साचा हाताला गार लागला की होजमधली हवा सोडायचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि तेवढा वेळ होजच्या टोकांसमोर उभे राहू नका.