'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी घालायची?

दहावीच्या वह्या तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त अडतं ते 'इट्स'पाशी. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल'. शेपटी कुत्र्याची, म्हणून मुलं टी आणि एसच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी टाकतात. 'डॉग्ज टेल'मध्ये लागते, मग इथे का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे.

अपॉस्ट्रॉफीवाला 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'चं छोटं रूप, म्हणून त्या जागी हे पूर्ण शब्द मोठ्याने वाचून बघा. 'वॅग्ड इट इज टेल' कानाला लगेच खटकतं. खटकलं की चिन्ह काढा, वाक्य नीट लागलं तर ठेवा. हिज, हर्स, अवर्स यांनाही चिन्ह नसतं, 'इट्स' त्यांच्याच पंगतीतला.

हा शब्द तसा उशिरा आलेला. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगालाही 'हिज'च होतं, आपला 'त्याचा' जसा 'तो' आणि 'ते' दोघांना चालतो तसं. 'इट्स' रुळू लागला सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत तो नव्हताच. पुढे दीडशे-दोनशे वर्षं चांगले लेखकही मालकीच्या 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी घालत. म्हणून चुकलेल्या मुलावर मी रागावत नाही, वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावते.