न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचं मॉडेल घरबसल्या कसं तपासायचं

हे पीएचडीवाल्यांसाठी नाहीये हां, आधीच सांगतो. फिजिक्स घेऊन बीएस्सी-एमएस्सी करणारी जी पोरं न्यूट्रिनोचा (म्हणजे विजेचा भार नसलेला, अगदी हलका कण) पेपर उत्साहाने उघडतात आणि दुसऱ्या पानावर मॅट्रिक्सची रांग दिसली की गपचूप बंद करतात, त्यांच्यासाठी आहे. मी पण तसाच होतो. एमएस्सी करून देवगडला परत आलो, आता क्लास घेतो आणि रात्री लाईट असली तर पेपर वाचतो. सामान काय लागतं, तर एक वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि वर्गसमीकरण सोडवता येणं. बस.

मॉडेलच्या आधी ऑसिलेशन, म्हणजे न्यूट्रिनोचं वाटेत जात बदलणं, डोक्यात बसायला पाहिजे आणि त्यासाठी पुस्तकापेक्षा जेटी बरी. मी एकदा होडी ओढायला मदत करत होतो तर शेजारचे काका म्हणाले, "आज भांग हा रे, पाणी वर येवचा नाय." आता हे भांग-उधाण होतं कशामुळे? चंद्राची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी. अमावस्या-पौर्णिमेला दोघी एकदम येतात म्हणून उधाण, मग रोज थोडी थोडी चुकामूक होत जाते आणि अष्टमीच्या आसपास एकीची भरती तेव्हा दुसरीची ओहोटी, तो भांग. पुढे परत जुळतात, असं एक चक्कर पावणेपंधरा दिवसांचं.

न्यूट्रिनोचं हेच आहे. त्याचे तीन फ्लेवर, म्हणजे जाती, इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ, पण यातल्या कुणालाच स्वतःचं एक ठरलेलं वस्तुमान नाही, प्रत्येक फ्लेवर म्हणजे तीन वस्तुमानांच्या लाटांची भेसळ. लाटांचा वेग किंचित वेगळा, वाटेत चुकामूक होते, आणि म्युऑन म्हणून निघालेला न्यूट्रिनो पोचतो तेव्हा बराचसा टाऊ झालेला असतो. जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये हे वातावरणातल्या न्यूट्रिनोंमध्ये दाखवलं, कॅनडाच्या एसएनओने २००१-०२ मध्ये सूर्याकडून येणाऱ्यांमध्ये, आणि २०१५ चं नोबेल काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना मिळालं.

भरतीकडून दोन गोष्टी वहीत उतरवून घ्या. एक म्हणजे, नुसती उधाणं मोजत बसलात तर दोन भरत्यांच्या गतीतला फरक कळेल, प्रत्येकीची गती कळणार नाही. म्हणूनच ऑसिलेशनमधून फक्त वस्तुमानांच्या वर्गांमधला फरक मिळतो, वस्तुमान नाही. दुसरी गोष्ट, सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे भांगालाही पाणी हलतंच, पण दोघांचा जोर सारखा असता तर त्या दिवशी भरती आलीच नसती. भेसळ किती ते सांगणारा मिक्सिंगचा कोन ४५ अंश म्हणजे ही बरोबरी. असे कोन तीन, थीटा-१२, थीटा-२३ आणि थीटा-१३. यातला थीटा-२३ हा ४५ च्या जवळपासच आहे, म्हणून योग्य अंतरावर म्युऑन न्यूट्रिनो जवळजवळ सगळे गायब होतात.

आता कॅल्क्युलेटर काढा. दोनच फ्लेवर धरले तर लाटांच्या चुकामुकीचा कोन असा येतो: १.२७ गुणिले डेल्टा एम स्क्वेअर (म्हणजे वस्तुमानांच्या वर्गांमधला तो फरक, ईव्ही स्क्वेअरमध्ये) गुणिले अंतर किलोमीटरमध्ये, भागिले ऊर्जा जीईव्हीमध्ये (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक, आणि जीईव्ही म्हणजे शंभर कोटी ईव्ही). त्याच्या साइनचा वर्ग, गुणिले दुप्पट मिक्सिंग कोनाच्या साइनचा वर्ग, ही झाली बदलण्याची शक्यता. जपानच्या टीटूके प्रयोगाचे आकडे घाला, अंतर २९५, ऊर्जा ०.६, डेल्टा एम स्क्वेअर ०.००२५. उत्तर १.५६. पाय भागिले दोन म्हणजे १.५७, आणि तिथे साइनचा वर्ग सगळ्यात मोठा, एक. म्हणजे डिटेक्टर नेमका भांगाच्या जागी ठेवलाय! मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता, शक्यता जवळपास शून्य येत होती आणि अख्खी संध्याकाळ मी जपान्यांना नावं ठेवत बसलो. तर रेडियन मोड, विसरू नका.

वहीच्या पहिल्या पानावर एवढे आकडे कायमचे लिहा: थीटा-१२ साडेतेहतीस अंशांच्या आसपास, थीटा-२३ पंचेचाळीसच्या आसपास, थीटा-१३ साडेआठ. वस्तुमानांच्या वर्गांमधला छोटा फरक ०.००००७५, मोठा ०.००२५. मोठ्याचं वर्गमूळ ०.०५ ईव्ही, म्हणजे सगळ्यात जड न्यूट्रिनो निदान एवढा तरी आहेच. वरची मर्यादा जर्मनीच्या काट्रिन प्रयोगाकडून, २०२५ मध्ये त्यांनी ०.४५ ईव्ही दिली. आणि इलेक्ट्रॉन किती, तर ५,११,००० ईव्ही. एवढी तफावत कशी, हाच मॉडेलवाल्यांचा धंदा.

सगळ्यात गाजलेलं मॉडेल सीसॉ, आणि ते हाताने सुटतं. दोन बाय दोनचं मॅट्रिक्स घ्या, वरच्या डाव्या कोपऱ्यात शून्य, उरलेल्या दोन जागी छोटा एम, खाली उजवीकडे भलामोठा एम. आयगनव्हॅल्यूचं, म्हणजे यातून निघणाऱ्या दोन वस्तुमानांचं, समीकरण लिहिलं की येतं: लॅम्डाचा वर्ग, वजा मोठा एम गुणिले लॅम्डा, वजा छोट्या एमचा वर्ग, बरोबर शून्य. दहावीचं गणित झालं की हे! एक उत्तर जवळजवळ मोठा एम, दुसरं छोट्याचा वर्ग भागिले मोठा (वजा चिन्हाला घाबरू नका, ते फेजमध्ये जिरतं). एक जितका जड तितका दुसरा हलका, आणि हा हलका म्हणजे आपला न्यूट्रिनो. छोटा एम १७४ जीईव्ही घेतला, जो कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्जमुळे येणारा नैसर्गिक आकडा, आणि ०.०५ ईव्ही हवं असेल तर मोठा एम येतो साधारण ६ गुणिले १० चा १४ वा घात जीईव्ही. एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राची ऊर्जा १३,६०० जीईव्ही. म्हणजे चार हजार कोटी पटींहूनही जास्त फरकाने कमी पडतोय आपण.

पण इथेच थांबू नका, खरी मजा पुढे आहे. तेच गणित छोटा एम इलेक्ट्रॉनएवढा धरून करा. मोठा एम येतो पाच हजार जीईव्हीच्या आसपास, एकदम हाताशी! दोन्ही वेळा न्यूट्रिनो ०.०५ चाच. म्हणजे सीसॉ 'हलका का' ते झकास सांगतो, 'नेमका किती' ते नाही, कारण एक आकडा काढायला दोन आकडे आपणच घातले. म्हणून कुठलाही पेपर हातात आला की मी दोन रकाने आखतो, आत किती आकडे घातले आणि बाहेर किती आले. बाहेरचे जास्त असतील तरच चहा टाकायचा आणि पुढे वाचायचं. आणखी एक, साध्या सीसॉमध्ये न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण निघतो, ते खरं असेल तर न्यूट्रिनोशिवायचा डबल बीटा क्षय (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन बाहेर, पण न्यूट्रिनो एकही नाही) दिसायला हवा, तो अजून दिसलेला नाही.

कोनांची मॉडेलं वेगळीच जमात. २००२ मध्ये हॅरिसन, पर्किन्स आणि स्कॉट यांनी ट्रायबायमॅक्झिमल नावाचा नमुना मांडला: थीटा-१२ बरोबर ३५.३ अंश, थीटा-२३ बरोबर ४५, थीटा-१३ शून्य. इतकं देखणं की लोकांनी त्यावर ए-फोर वगैरे सिमेट्रीचे ढिगाने पेपर लिहिले, आणि मग २०१२ मध्ये चीनच्या दाया बे प्रयोगाने थीटा-१३ शून्य नाही म्हणून दाखवलं, आणि शून्य नाही म्हणजे थोडंथोडकं नाही, चांगलं साडेआठ अंश. माझ्या मते हे सगळ्यात छान झालं, कारण मॉडेल चुकू शकतं म्हणजे ते काहीतरी ठाम बोलत होतं. याउलट अनार्की नावाचं मॉडेल म्हणतं की मॅट्रिक्समधले आकडे कसेही पडलेत, मोठे कोन येणारच. पटतं, पण त्याला खोटं पाडायचं कसं ते सांगा.

आता एक स्वतः करायचं गणित. ट्रायबायमॅक्झिमल पूर्ण टाकून न देता त्याला इलेक्ट्रॉन-म्युऑनच्या बाजूने छोटी दुरुस्ती केली तर एक नियम मिळतो: थीटा-१२ बरोबर ३५.३ अधिक थीटा-१३ गुणिले कॉस डेल्टा. या वेळी कोन अंशात आहेत म्हणून कॅल्क्युलेटर परत डिग्रीवर. ३३.५ मधून ३५.३ वजा करा, ८.५ ने भागा, कॉस डेल्टा येतो उणे ०.२१, म्हणजे डेल्टा १०२ अंश किंवा २५८ अंश. हा डेल्टा म्हणजे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यातला फरक ठरवणारा कोन, आणि अमेरिकेतला ड्यून आणि जपानचा हायपर-कामिओकांडे हे प्रयोग तो नीट मोजायलाच बांधतायत. 'बाहेर आले' या रकान्यात हे दोन आकडे पेनाने लिहा, पेन्सिलीने नको, आणि शेजारी मोजलेल्या आकड्यासाठी जागा मोकळी सोडा.