गोल्फमध्ये पटिंग करताना ग्रीनचा उतार कसा ओळखायचा

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचल्यावर उतार बघायला सुरुवात केली तर अर्धी माहिती हातची गेलेली असते. उतार नीट दिसतो तो लांबून, म्हणजे ३०-४० यार्डांवरून चालत येताना मान वर करून बघायचं की ग्रीनची मागची कड उंच आहे का, कुठली बाजू खाली झुकलीय, आजूबाजूची जमीन कुठे उतरतेय. बॉलपाशी जाऊन खाली वाकलं की फक्त समोरचं गवत दिसतं आणि मग मोठा उतार लक्षातच येत नाही.

आपल्या नाशिकात हे जास्तच गरजेचं आहे कारण इथे डोंगर डोळ्यांना फसवतात. समोर अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग असली की तिच्या चढणीपुढे थोडासा चढ असलेला ग्रीनही सपाट वाटतो, कधी कधी तर चक्क उतार वाटतो, मग आपण पट (ग्रीनवर होलकडे घरंगळत मारलेला फटका) हळू मारतो आणि बॉल मध्येच थांबतो. म्हणून डोंगराकडे न बघता पाण्याचा विचार करायचा. त्र्यंबककडची बाजू उंच, तिथून गोदावरी निघते आणि पूर्वेला वाहत जाते, त्यामुळे नदी आणि गंगापूर धरण आपल्यापासून कुठल्या दिशेला आहे एवढं डोक्यात ठेवलं तरी जमिनीचा एकूण कल कुठे असेल याचा पहिला अंदाज येतो. पण हा फक्त पहिला अंदाज हां, ग्रीन मुद्दाम भराव टाकून बांधलेला असतो आणि बांधणाऱ्याने कल उलटाही दिलेला असू शकतो.

ग्रीनपुरतं विचाराल तर प्रश्न एकच, इथे बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठून बाहेर जाईल? ग्रीनवर पाणी साचू नये म्हणून बांधतानाच उतार दिलेला असतो, बऱ्याचदा मागून पुढे, आणि पाणी शक्यतो बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जाणार नाही असं बघितलेलं असतं. कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) 'दादा, ब्रेक किती?', म्हणजे बॉल किती वळेल, असं विचारण्यापेक्षा 'दादा, पावसाळ्यात इथलं पाणी कुठून जातं?' असं विचारा, तो बोटाने रस्ता दाखवतो. रोज गवत कापणारा माळीकाका असेल तर त्याला तर नक्कीच विचारा, त्याच्याइतका तो ग्रीन कोणालाच माहीत नसतो.

आता ग्रीनवर आलात. होलच्या भोवती ५-६ फुटांवरून एक चक्कर मारा, त्यात एक जागा अशी सापडते जिथून पट सरळ चढाचा आहे, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. ती जागा आणि होल जोडणारी रेघ म्हणजे तिथल्या उताराची मुख्य रेघ, इंग्रजीत लोक तिला फॉल लाइन म्हणतात. ती एकदा सापडली की बाकी सोपं होतं: बॉल त्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे त्यावरून वळण डावीकडे की उजवीकडे ते ठरतं, बॉल रेघेच्या जवळ असेल तर वळण कमी, आणि आडव्या बाजूने, त्यातही किंचित वरच्या अंगाने मारायचा असेल तर वळण सगळ्यात जास्त. अंतर तेच असलं तरी खालून वर जाणारा पट जोरात मारावा लागतो म्हणून कमी वळतो आणि वरून खाली येणारा हळू असतो म्हणून जास्त वळतो.

आणि बघायचं ते खालच्या बाजूने बघा. उताराच्या खाली उभं राहून, गुडघे वाकवून, नजर जमिनीच्या जवळ आणली की ग्रीन आपल्याकडे झुकलेला दिसतो आणि उतार स्पष्ट कळतो, वरून बघितलं की सगळं सपाट वाटतं.

पण माझं मत विचाराल तर डोळ्यांपेक्षा पाय जास्त खरं सांगतात. मार्क स्वीनी यांनी काढलेली एमपॉइंट ही पद्धत यावरच उभी आहे आणि अ‍ॅडम स्कॉट, कॉलिन मोरिकावा यांच्यासारखे मोठे खेळाडू ती वापरतात. बॉल आणि होलच्या मध्ये जाऊन लाइनच्या, म्हणजे बॉल ज्या वाटेने जाणार तिच्या, दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं (लाइनवर पाय द्यायचा नाही), गुडघे सैल सोडायचे आणि कुठल्या पायावर वजन जास्त येतंय ते बघायचं, वजन ज्या पायावर ती बाजू खाली. मग त्या उताराला १ ते ५ असा आकडा द्यायचा, म्हणजे १ टक्का, २ टक्के असं. नंतर बॉलच्या मागे येऊन हात लांब करून तेवढी बोटं उभी धरायची, पहिल्या बोटाची कड होलच्या मध्यावर आणि बाकीची बोटं चढाच्या बाजूला, शेवटच्या बोटाची बाहेरची कड जिथे दिसते तिथे नेम. ग्रीन फास्ट असेल तर कोपर वाकवून हात थोडा जवळ आणायचा, बोटं रुंद दिसतात आणि नेम आपोआप जास्त बाहेर जातो.

पण पायाला १ टक्का म्हणजे काय आणि २ टक्के म्हणजे काय हे आधी शिकवावं लागतं आणि ते घरीच होतं. प्रत्येक गच्चीला पावसाच्या पाईपकडे उतार दिलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातून ६० सेंटिमीटरची लेव्हल पट्टी आणा, गच्चीवर उताराच्या दिशेने ठेवा आणि खालचं टोक उचलत न्या, बुडबुडा मध्ये आला की टोक किती उचललं ते मोजा. ६ मिलिमीटर म्हणजे १ टक्का, १२ म्हणजे २ टक्के, १८ म्हणजे ३. साधी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे टोकाखाली पेन्सिल सरकवल्यावर बुडबुडा मध्ये बसला तर १ टक्क्याच्या जरा वर. आता पट्टी बाजूला ठेवून त्याच जागी डोळे मिटून उभं राहा आणि पायांना काय जाणवतं ते लक्षात ठेवा. मग दुसरी जागा, आधी पायाने आकडा सांगायचा आणि नंतर पट्टीने तपासायचा. प्रॅक्टिस ग्रीनवरही पट्टी नेता येते, पण राउंडमध्ये नाही हां, खेळताना लेव्हल किंवा मोबाईलचं अ‍ॅप लावून उतार मोजणं नियमात बसत नाही. तसंच ग्रीन कसा आहे ते बघायला त्यावर बॉल घरंगळवून बघणंही चालत नाही.

२ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही पण उताराच्या दिशेने १० फुटांत तो जवळजवळ अडीच इंचांचा चढ-उतार होतो आणि होलच मुळात सव्वाचार इंचांचं आहे. होल सहसा ३ टक्क्यांपेक्षा जास्त उतारावर कापत नाहीत, म्हणून पायाला ५ वाटत असेल तर परत एकदा उभं राहून बघा.

वेग आधी ठरवा, लाइन नंतर, हे मात्र पक्कं करा. एकाच लाइनवर जोरात मारलेला बॉल कमी वळतो आणि हळू मारलेला जास्त, म्हणजे वेग न ठरवता लाइन ठरतच नाही. पूर्वी नासात काम केलेले आणि नंतर पटिंगवर आयुष्य घालवलेले डेव्ह पेल्झ म्हणायचे की चुकलेला बॉल होलच्या पुढे साधारण १७ इंच जाऊन थांबावा, हे माप चांगलं आहे. आणि शेवटचे ३-४ फूट सगळ्यात जास्त बारकाईने बघा कारण तिथे बॉल हळू झालेला असतो आणि उतार त्याला तिथेच ओढतो, सुरुवातीच्या उताराला त्यामानाने कमी किंमत द्या.

बहुतेकांचा पट होलच्या खालच्या बाजूने जातो, त्याचं मोठं कारण सांगतो. आपण मनात वळणाचा सगळ्यात बाहेरचा बिंदू बघतो, समजा होलच्या एक फूट बाहेर, आणि नेम त्याच बिंदूवर धरतो. पण बॉल पटरवरून (पट मारायच्या काठीवरून) सुटल्यापासूनच खाली सरकायला लागतो, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत तो त्या बिंदूच्या खाली गेलेला असतो. त्या बिंदूवरून बॉल जायला हवा असेल तर नेम त्याच्याही वर धरावा लागतो. नेम बाहेर धरायची भीती वाटते, पण वरच्या बाजूने गेलेला बॉल निदान होलकडे वळत येतो, खालून गेलेला लांबच जातो.

गवताची दिशा, म्हणजे ग्रेन, हाही आपल्याकडे बघावा लागतो कारण आपल्या हवेत ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत लावतात आणि ते आडवं वाढतं. गवत चमकदार दिसलं तर ते तुमच्यापासून लांब वाढतंय, बॉल पळणार, गडद दिसलं तर तुमच्याकडे वाढतंय, बॉल अडणार. खात्री करायची तर होलच्या कडेला बघा, एक बाजू कापल्यासारखी स्वच्छ असते आणि दुसरी जरा फाटकी, सुकलेली, गवत त्या फाटक्या बाजूकडे वाढतंय.

पावसाळ्यात ओल्या ग्रीनवर बॉल हळू, म्हणून जोर जास्त आणि वळण कमी धरा, एप्रिल-मेच्या कोरड्या ग्रीनवर बरोबर उलट. थंडीत सकाळी लवकर गेलात तर ग्रीनवर दव असतं आणि आधीच्यांच्या बॉलची अख्खी वाट त्यावर उमटलेली दिसते, कुठून सुटला, कुठे वळायला लागला, सगळं, ती नीट बघून घ्या, फक्त आपल्या लाइनवरचं दव पुसायचं नाही, त्याला पेनल्टी आहे.

ओळंब्यासारखा पटर डोळ्यापुढे लोंबता धरून उतार काढणारेही दिसतील, पण आपण उभे आहोत तिथला उतार वेगळा असेल तर त्याचं उत्तर चुकतं, त्यावर वेळ घालवू नका.

आणि पट मारला की चुकला म्हणून मान फिरवू नका. होलच्या पुढे गेलेला बॉल शेवटचे दीड-दोन फूट कुठे वळतो ते बघा, परतीच्या पटची लाइन तिथेच दिसते.