तुटणाऱ्या नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरवर आज्ञा चालवताना

दापोली, गुहागर किंवा देवगडात बसून पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याने, पावसाळ्यात नेटवर्क मध्येच जाणार हे गृहीत धरूनच कामाची मांडणी करावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. मात्र जोडणी तुटायला एखादी जोराची सरही पुरते.

जोडणीसाठी एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणारे साधन, वापरावे. याच कामाच्या जुन्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जात असे, तर १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी तयार केलेल्या एसएसएचमध्ये सगळा संवाद सांकेतिक रूपात जातो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, लहान रोमन अक्षरांत ‘एसएसएच’, मग जागा सोडून वापरकर्त्याचे नाव, त्याला जोडून ‘ॲट’चे चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता लिहावा. पहिल्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दिसतो. तो व्यवस्थापकाकडून पडताळून मगच होकार द्यावा, कारण आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलत आहोत याची खात्री करण्याची संधी तीच असते.

एकच आज्ञा चालवायची असल्यास ती पत्त्यानंतर त्याच ओळीत एकेरी अवतरणचिन्हांत लिहावी. ती सर्व्हरवर चालते, उत्तर आपल्या पडद्यावर येते आणि जोडणी आपोआप संपते. अवतरणचिन्हे गाळली आणि आज्ञेत पाइपचे, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेला देणारे, उभे चिन्ह असले, तर त्यापुढचा भाग आपल्याच संगणकावर चालतो. काही पुसून टाकणारी आज्ञा असेल तर हा फरक फार महागात पडू शकतो.

बॅकअपसारख्या लांबणाऱ्या कामाचा प्रश्न निराळा आहे. जोडणी संपल्याचे सर्व्हरच्या लक्षात आले की त्या टर्मिनलवर चाललेली आज्ञा बहुधा अर्ध्यातच बंद पडते. म्हणून सर्व्हरवर पोहोचताच, काम सुरू करण्याआधी, ‘टीमक्स’ हा कामाचे सत्र सर्व्हरवरच चालू ठेवणारा प्रोग्राम चालवावा आणि आज्ञा त्याच्या आत द्यावी. स्पेलिंग टी-एम-यू-एक्स असे आहे. त्यानंतर आपले नेटवर्क गेले तरी सत्र सर्व्हरवर जिवंत राहते. पुन्हा लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ दिले की काम जिथवर गेले असेल तिथून पुढे दिसू लागते. स्वतःहून बाहेर पडायचे असेल तर कंट्रोल आणि बी एकत्र दाबून, सोडून, नंतर डी दाबावे. सर्व्हरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर मात्र हे सत्र उरत नाही.

नेटवर्क गेल्यावर पडदा गोठून राहिला तर खिडकी बंद करण्याची गरज नाही: एंटर, मग टिल्डचे नागमोडी चिन्ह आणि त्यानंतर पूर्णविरामाचा टिंब दिला की एसएसएच जोडणी सोडून देते. ही वेळ वारंवार येत असेल तर आपल्या संगणकावरील एसएसएचच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ हे शब्द सलग लिहून त्यापुढे ३० ही संख्या इंग्रजी आकड्यांत द्यावी. मग दर ३० सेकंदांनी सर्व्हरची चाहूल घेतली जाते आणि लागोपाठ तीनदा उत्तर आले नाही तर जोडणी आपोआप बंद होते.