फौजीला पार्सल पाठवताय? मग या चुका टाळा

मी पोस्टाच्या दारात बसून पार्सलं शिवते. एका बाजूला ब्लाउज-परकराचं काम, दुसऱ्या बाजूला मांजरपाटाचा तागा, दाभण आणि सुतळीचा गुंडा. तालुका सातारा जिल्ह्यातला, त्यामुळे घराआड घर फौजीचं. आमचे मालक मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन घरी आले, तेव्हा पार्सल इथून निघताना कसं असतं ते मी बघते आणि तिकडे पोचल्यावर कसं दिसतं ते त्यांच्याकडून ऐकलंय. एवढं सगळं सांगूनही दर वर्षी माणसं त्याच त्या चुका घेऊन माझ्यापुढे उभी राहतात, आणि वर घाई केवढी! "मावशी, पटकन शिवा, काउंटर बंद होईल." पोरगा वर्षभर सीमेवर आहे, पण पार्सलाची आठवण येते ती काउंटर बंद व्हायच्या वेळेलाच.

पत्त्यात गाव घुसडणं

पार्सल परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. पोरगा फील्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर असेल तर त्याच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, रँक, नाव, युनिट, मग केअर ऑफ 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि शेवटी 9 ने सुरू होणारा सहा आकडी पिन. संपला पत्ता. 56 एपीओचं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जातं, 99 चं कोलकात्याच्या. तिथून पुढे लष्कराचं स्वतःचं पोस्ट खातं ते ताब्यात घेतं. युनिट आज कुठल्या डोंगरावर बसलंय हे त्यांना ठाऊक असतं. आपल्या पोस्टमनला ठाऊक नसतं, आणि ते असू नये म्हणून तर ही सगळी व्यवस्था आहे. या खात्याचं केंद्र आपल्याच कामठीला आहे, नागपूरला लागून. म्हणजे हे काही दूरदेशीचं गूढ नाही.

पण लोकांना पटत नाही. "पत्त्यात गावच नाही, मग जाणार कुठं?" असं म्हणायचं आणि आपल्या शहाणपणानं खाली लेह नाहीतर तवांग लिहायचं.

वरच्या आळीतल्या एका तात्यांची गोष्ट सांगते. मास्तरकीतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे पत्ता दुसऱ्या कुणी लिहिलेला चालत नाही. डब्यात चिवडा, शंकरपाळी, करंज्या आणि आईनं विणलेला स्वेटर. मी कापड शिवून दिलं, त्यांनी मार्कर घेतला. नंबर बरोबर, युनिट बरोबर, 56 एपीओही बरोबर. आणि मग खाली ठसठशीत: लेह, लडाख, 194101. हा पिन पुतण्यानं मोबाइलवर शोधून दिलेला. मी म्हटलं, तात्या, हा गावातल्या पोस्टाचा पिन आहे, फौजेचा नव्हे. तर त्यांनी फौजेचा पिन खोडला. "दोन पिन कसे चालतील?" म्हणे.

पिन लेहचा, म्हणून पार्सल गेलं लेहच्या साध्या पोस्टात. तिथल्या पोस्टमननं ते कुणाच्या दारात द्यायचं? त्यावर फोन नंबरही नव्हता. काही दिवस पडून राहिलं आणि आल्या वाटेनं परत निघालं. संक्रांत होऊन गेल्यावर घरी आलं. पोरगा नेमका तेव्हा सुट्टीवर आलेला. आपल्या दिवाळीचं पार्सल त्यानं आपल्याच ओसरीवर उसवलं. करंज्या उकिरड्यावर गेल्या आणि स्वेटर त्यानं जाताना बॅगेत भरून नेला. तात्यांचा निकाल मात्र ठरलेला: पोस्ट खातं पहिल्यासारखं राहिलं नाही.

माझी पद्धत सांगते. पत्ता फोनवर ऐकून घ्यायचा नाही. पोराला कागदावर लिहायला लावायचा आणि त्याचा फोटो मागवायचा. फौजी नंबरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते बोलताना हमखास गळतं. एका आडनावाचे चार जण एका कंपनीत असले की मग पार्सल फिरत बसतं. फोटोवरून मी पत्ता थेट कापडावर उतरवते, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, न पुसणाऱ्या मार्करनं, आणि वाळल्याशिवाय काउंटरवर जाऊ देत नाही. त्याच पत्त्याची एक चिठ्ठी डब्याच्या आत, झाकणाखाली. वरचं कापड फाटलं तरी आतली चिठ्ठी बोलते. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर डाव्या कोपऱ्यात. एवढं झाल्यावरही कुणी "नुसतं लेह एवढं बारीक लिहिते" म्हणालं, तर मी दाभण त्यांच्याच हातात देते.

पोरगा पुण्याला किंवा बेळगावला पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून लांबच्या कायम छावणीत असेल तर भानगडच नाही, साधा पत्ता आणि गावचा पिन. कोकणातल्या नेव्हीवाल्यांचं निराळं: जहाजाचं नाव आणि केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठल्या समुद्रात आहे ते तुम्हाला कळलं असेल तरी पार्सलावर लिहू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर लेबनॉनला किंवा दक्षिण सुदानला गेलेल्यांच्या घरचे तर आणखी गोंधळ घालतात. भाचा अमेरिकेत आहे, त्याला पाठवतो तसंच हे, असं समजून परदेशी पार्सलाचा फॉर्म भरायला बसतात. तसं करू नका. युनिट निघण्याआधी पोराला टपालाचा पत्ता सांगतं, तो आणि तेवढाच लिहायचा. फौजी डाक परदेशी जाणं काही नवीन नाही. 1953 मध्ये आपली तुकडी कोरियाला गेली तेव्हा त्यांच्यासाठी तिकिटांवर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असा वेगळा छाप मारला होता. आमच्या पोस्टातल्या एका जुन्या मास्तरांकडे त्यातलं एक होतं, ते हातात देत नसत, लांबूनच दाखवायचे.

ओला फराळ, आणि तोही दिवाळीच्या तोंडावर

यावर माझं रोज कुणाशी तरी वाजतं. ओल्या नारळाच्या करंज्या, खव्याचे मोदक, एकदा तर साटोऱ्याही आल्या. का, तर "तिकडे काय, सगळा बर्फच, फ्रीजमध्ये ठेवल्यागत राहील." अहो, बर्फ सगळ्यात शेवटी येतो! त्याआधी तुमचा डबा साताऱ्यातून ट्रकमध्ये, मग रेल्वेच्या डब्यात, मग दिल्लीच्या गोदामात पोत्यांच्या ढिगाखाली असतो. ऑक्टोबर हीटमध्ये. खवा दिल्ली यायच्या आधीच आंबलेला असतो, पुढे बर्फात जातो तो आंबलेला खवा. कंदी पेढ्यांचंही तेच. पेढा खरपूस भाजलेला आणि टिकाऊ आहे, साताऱ्याची शान आहे, मान्य. पण तो सुट्टीवरून परत जाणाऱ्या पोराच्या बॅगेत द्यावा, पार्सलात नको.

दुसरं, वेळ. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजी ला घाट साडेअकरा हजार फुटांवर आहे. हिवाळ्यात बर्फानं तो बंद पडतो, मग टपाल विमानानं जातं, आणि विमान हवामान मोकळं झालं तर उडतं. पुढे चौकीवर हेलिकॉप्टर जाणार असेल तर त्यात आधी औषध आणि रेशन, तुमची शंकरपाळी मागून. स्पीड पोस्ट केलं म्हणजे डोंगर बाजूला होत नाही. आमच्याकडे वसुबारसेला पार्सल घेऊन येतात आणि विचारतात, "भाऊबीजेला मिळेल ना?" मी हो म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी म्हणत नाही.

तारखा मी कॅलेंडरवर बघत नाही, सणांवर बांधते. राखी आषाढी एकादशीला निघाली पाहिजे. दिवाळीचा फराळ घट बसायच्या आत. तिळगूळ मार्गशीर्ष लागला की लगेच. एवढं पाळलं की महिनाभर हाताशी राहतो. लवकर पोचला तर पोरं काही तक्रार करत नाहीत.

मग पाठवायचं काय? मालकांना विचारा. त्यांचं म्हणणं, पार्सल एकाच्या नावानं येतं पण उसवताना अख्खं सेक्शन, म्हणजे त्याची छोटी तुकडी, भोवती बसतं. चिवडा, लाडू चहा व्हायच्या आत संपतात, आणि ज्याचं पार्सल त्याच्या वाट्याला मूठभर येतं. म्हणून ते घरी लिहायचे, गोड कमी पाठव, कांदा-लसूण मसाला जास्त पाठव. लंगरातल्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या डाळीत चमचाभर टाकला की महिनाभर घर आठवतं. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, भाजून केलेलं डाळीचं पीठ, कोरडं सगळं. लाडू करायचेच तर बेसनाचे किंवा डिंकाचे, तुपातले. पाण्याचा आणि दुधाचा हात नको. तळलेलं काही असेल तर पूर्ण गार होऊ द्या. गरम चकली डब्यात भरून झाकण लावणारी माणसं मी बघितलीत. आतल्या वाफेनं ती मऊ पडते आणि मग आठवड्यात खवट वास मारते, आणि दोष तेलाला.

पिशव्या भरताना आतली हवा दाबून काढा. लेह साडेतीन किलोमीटर उंचीवर, तिथं हवेचा दाब आपल्यापेक्षा बराच कमी. इथं टम्म भरलेली चिवड्याची पिशवी वर जाताना आणखी फुगते आणि शिवणीवर फाटते. मग चिवडा डब्यात मोकळा, मसाला चिवड्यात, आणि मोज्यांना लसणाचा वास. हवा काढून, दुहेरी पिशवीत, तोंड रबरानं बांधा. डबा पत्र्याचा असला तर उत्तम. पुठ्ठ्याचं खोकं पोत्यात दबतं. डब्यात जागा उरली तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. हलवून बघा, आवाज आला तर अजून कोंबा.

काचेची बरणी

नाही. कितीही कापडात गुंडाळली तरी नाही. एका बाईंनी मला न सांगता स्वेटरच्या मध्ये लोणच्याची बरणी दडवली. ती इथंच, जिल्ह्याच्या ठिकाणी पोतं उतरवताना फुटली. तेल शेजारच्या पार्सलांत गेलं, आणि त्यात कुणाच्या तरी मुलीच्या अर्जाची कागदपत्रं होती. त्या बाई अजून म्हणतात की हमालानं आपटलं. आपटणारच की, पोतं ते! लोणचं द्यायचंच तर तेल निथळून, जाड प्लॅस्टिकच्या फिरकीच्या डब्यात, बाहेरून दोन पिशव्या. खोबरेल तेल पाठवूच नका, तिथं ते दगड होतं आणि कॅन्टीनमध्ये मिळतं.

बाकीच्या, ज्यांवर वेळ घालवायची माझी इच्छा नाही

डिओ, सेंट, लायटर, काडेपेटी, पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या: काढून ठेवा. टपाल विमानानं जातं.

नोटा चिवड्यात लपवू नका. पोराच्या खात्यात टाका.

चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे देऊन पार्सल मजबूत होत नाही, थंडीत डिंक सुटतो. कागदावर पत्ता लिहून तो चिकटपट्टीनं डकवणारे तर माझ्या हिशेबी पत्ता न लिहिणारेच.

खासगी कुरिअरवाला "पोचतं हो" म्हणतो. 9 चा पिन दाखवा आणि मग विचारा. पुष्कळदा पार्सल कुठल्यातरी शहरातल्या शाखेत पडतं आणि पोराला फोन जातो, येऊन घेऊन जा. चौकीवरून तो काय बसनं येणार?

राखी साध्या पाकिटात घालू नका, पावसाळा असतो. पोस्टात जलरोधक पाकीट मिळतं. आणि शाळांना हात जोडून सांगणं, पाकिटावर नुसतं 'सीमेवरील जवानास' लिहून ढीग पोस्टात आणू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा, कुठल्या युनिटला पाठवायचं ते ठरवा.

पार्सलाचा फोटो पत्त्यासकट व्हॉट्सॲप स्टेटसला लावणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही. मालक बोलतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ट्रॅकिंग थांबलं म्हणून बोंब

रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं, तरी लोक अजून "रजिस्टर करा" म्हणतात, ते असो. पावतीवरचा नंबर टाकला की पार्सल दिल्लीपर्यंत दिसतं आणि पुढे बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. तिथं ते फौजेच्या हातात गेलेलं असतं. चौथ्या दिवशी काउंटरवर येऊन भांडू नका, क्लार्कलाही तेवढंच दिसतं जेवढं तुमच्या मोबाइलवर. आधी पोराला विचारा, युनिट हललंय का. हललं असेल तर पार्सल मागोमाग फिरत असतं, त्याला त्याच्या युनिटातल्या डाक आणणाऱ्या जवानाकडे नाव आणि पावतीचा नंबर देऊन ठेवायला सांगा. तरीही महिना उलटला, तर मूळ पावती घेऊन तक्रार नोंदवा. मूळ पावती म्हणते मी. ती शंकरपाळीच्या डब्यात घालून पाठवणारेही भेटलेत.