जुनी कमांड काढण्याआधी डॉक्समधली उदाहरणं कशी बदलायची

ओपन सोर्समध्ये नवख्यांना पहिलं काम म्हणून ‘डॉक्समधली (प्रकल्पाच्या माहितीपानांतली) जुनी कमांड बदला’ हा इश्यू, म्हणजे कामाची नोंद, हमखास मिळतो. फाइंड-रिप्लेस मारलं की झालं, असं वाटतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

डॉकर-कंपोजचंच घ्या. एका ॲपचे अनेक कंटेनर (ॲपचे भाग चालवणारे वेगवेगळे बंदिस्त डबे) एकत्र चालवणारं हे टूल. पायथनमधल्या पहिल्या आवृत्तीला जुलै २०२३ पासून अपडेट नाहीत. गो भाषेतली दुसरी आवृत्ती डॉकरचं प्लगइन म्हणून चालते. कमांड लिहिताना फरक एवढाच, की हायफनच्या जागी स्पेस येते. पण सरसकट बदल केला तर ‘डॉकर-कंपोज.वायएमएल’ या फाइलनावातला हायफनही उडतो आणि ती फाइल सापडत नाही. दुसऱ्या आवृत्तीला ते जुनं फाइलनाव चालतं, त्याला हात लावू नका. ‘डॉकर-कंपोज-प्लगइन’ या पॅकेजच्या नावालाही नाही. आधी गिट ग्रेपने (रेपोतल्या फायलींत शब्द शोधणारी कमांड) ओळ क्रमांकांसह यादी काढा आणि प्रत्येक ओळीत कमांड आहे, फाइल आहे की पॅकेज, ते डोळ्यांनी बघा. शोध फक्त डॉक्सच्या फोल्डरपुरता ठेवला, तर मेकफाइल, सीआयच्या (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फायली, अनुवादित पानं यादीतून सुटतात.

खरी मेख कमांडखाली छापलेल्या आउटपुटमध्ये असते. पूर्वी कंटेनरच्या नावातले भाग अंडरस्कोरने जोडले जायचे, आता हायफनने. ‘डॉकर एक्झेक’च्या (चालू कंटेनरमध्ये कमांड चालवण्याच्या) उदाहरणात जुनं कंटेनरनाव राहिलं, तर वाचकाला ‘असा कंटेनरच नाही’ हा एरर येतो. तिथे ‘डॉकर कंपोज एक्झेक’ आणि वायएमएल फाइलमधलं सर्व्हिसचं नाव द्या, म्हणजे प्रश्नच मिटतो. गंमत म्हणजे नेटवर्क आणि व्हॉल्यूमच्या नावांत अंडरस्कोर तसाच आहे. उत्साहात तोही बदलू नका. वायएमएलमधली सुरुवातीची ‘व्हर्जन’ ओळ आता निरुपयोगी आहे, तिच्यावर वॉर्निंग येते. ती काढून टाका.

तपासणी डॉकर डेस्कटॉपवर करू नका. तिथे जुन्या नावानेही दुसरीच आवृत्ती चालते, त्यामुळे राहिलेली चूक दिसत नाही. फक्त डॉकर इंजिन आणि प्लगइन असलेल्या कोऱ्या लिनक्स मशीनवर प्रत्येक उदाहरण वरून खाली, त्याच क्रमाने चालवा.

डॉक्सचा पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) वेगळा ठेवा आणि कमांड काढणाऱ्या बदलाच्या आधी मर्ज होऊ द्या. जुन्या रिलीजच्या ब्रँचमधली डॉक्स मात्र बदलू नका; तिथल्या वाचकाकडे जुनीच कमांड आहे.