ॲम्बिडेक्स्ट्रस लक्षात कसा ठेवायचा

परवा भाचीचा मेसेज, मावशी ॲम्बिडेक्स्ट्रस म्हणजे काय गं, दहादा वाचला तरी डोक्यात राहत नाहीये. म्हटलं पाठ करूच नको, फोड त्याला, शाळेत समास सोडवायचो ना तसा.

आधी दोन तुकडे करायचे, ॲम्बि आणि डेक्स्टर, शेवटचं अस म्हणजे नुसती विशेषणाची शेपटी. लॅटिनमधे ॲम्बि म्हणजे दोन्ही बाजूंनी आणि डेक्स्टर म्हणजे उजवा. आता जोडून वाचा, दोन्हीकडून उजवा! म्हणजे ज्याचा डावा हातही उजव्याइतकाच सफाईने चालतो तो. गंमत बघा, डाव्या हाताचं कौतुक करायचं तर त्यालाही उजवाच करून टाकलाय. साध्या डाव्याला लॅटिनमधे सिनिस्टर म्हणायचे, आणि त्याचं इंग्रजीत पुढे काय झालं ते माहितीये ना, अशुभ, कपटी वगैरे.

मग आपल्याकडचा भाऊबंद शोधायचा, ही स्टेप लोक हमखास गाळतात. डेक्स्टर आणि संस्कृत दक्षिण एकाच मुळातले, दक्षिण म्हणजे उजवा सुद्धा, म्हणून तर प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. आणि अख्ख्या शब्दाला जोडीदार हवा तर सव्यसाची आहेच, सव्य म्हणजे डावा, डाव्या हातानेही धनुष्य ओढणारा तो अर्जुन. इथे डाव्याला डावाच ठेवून मान दिलाय, मला तर हाच शब्द जास्त आवडतो.

तुकडा पक्का झाला की दुसरीकडे लावून बघा. ॲम्बिशन घ्या, रोममधे निवडणुकीला उभे राहिलेले लोक मतं मागत चहूकडे फिरायचे त्यावरून आलाय. पण ॲम्बर दिसला की लगेच तोडायला जाऊ नका, तो अरबीतून आलाय, त्याचा ॲम्बिशी काही संबंध नाही.

स्पेलिंगमधे टी नंतर लगेच आर, मधे ई घालायचा मोह होतो पण नाही घालायचा.

वापरताना एक सांभाळा, सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग उजव्या हाताने, म्हणून त्याला सरसकट ॲम्बिडेक्स्ट्रस म्हणतात, पण मला ते काही पटत नाही, कारण तिथे प्रत्येक कामाचा हात ठरलेला आहे, एकच काम दोन्ही हातांनी सारखंच जमलं तर तो शब्द शोभतो.

यावर भाची म्हणे, मग माझ्यासारखीला काय म्हणायचं, मला तर दोन्ही हातांनी धड चपाती लाटता येत नाही? आहे की शब्द, ॲम्बिसिनिस्टर. आता हा तूच फोड.